खांबेट्यांची भिंत

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. विमा कंपन्यांसाठी मी ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करतो. गाडीवाला शपथेवर सांगतो की म्हैस आडवी आली, आणि मी गाडीला पडलेला पोचा बघून मनातल्या मनात म्हशीची उंची काढतो. बहुतेक वेळा ती म्हैस निघते विजेचा खांब. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाच्या तोंडाकडे बघायची सवय सुटते, नजर थेट हाताकडे जाते. तरीसुद्धा संशय घेण्यात मला पुरून उरेल असा एक माणूस या पुण्यात भेटला. यशवंत खांबेटे, राहणार नारायण पेठ. आणि त्या माणसाच्या हाताकडेच नेमकं माझं लक्ष गेलं नाही, ही गोष्ट मला अजून डाचते.

वारज्याच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी एक खाजगी माळ आहे. मालकाच्या परवानगीने आम्ही पंधरा-वीस जण दर रविवारी सकाळी तिथे आपापले हौशी ड्रोन उडवतो. दुकानातून आयते आणलेले नव्हेत, सुटे भाग जोडून घरी बनवलेले. मी नवा होतो. माझा ड्रोन उडायचा बरा, पण त्याने काढलेलं चित्रण बघवत नसे. माळावरची बाभळ कढीत पडल्यासारखी हलायची. मी फोनवर ते बघत वैतागलो होतो, तेवढ्यात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि कॅनव्हासचे बूट घातलेला एक सडपातळ म्हातारा शेजारी येऊन उभा राहिला. शर्टच्या खिशात स्टीलची सहा इंची पट्टी आणि पेन्सिल. हातात लांबलचक स्क्रू ड्रायव्हर.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. विश्रांतवाडीला राहतो म्हणालो.

"मूळचे?"

"अकोला."

"हं," ते म्हणाले.

तो हं मी जपून ठेवला. धंद्याची सवय. पेठेतल्या माणसाच्या तोंडून आलेल्या त्या हंमध्ये काहीतरी काळंबेरं आहे, असं मला तेव्हाच वाटलं. पण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. खाली बसले, मोटर चालू करायला सांगितली, स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरच्या बुडाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. चारही मोटरा अशा ऐकून झाल्या. मग म्हणाले, "झाड हलत नाहीये, इंगळे. तिसरी मोटर हलतेय आणि तुमचा कॅमेरा झाडाला नावं ठेवतोय."

नंतर पाऊण तास त्यांनी मला जे शिकवलं ते फुकट होतं आणि शब्द मोजून होते. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. तिची एक बाजू गव्हाच्या दाण्याएवढी जरी जड असली तरी ती थरथरते. ती थरथर दांडीतून कॅमेऱ्यात जाते, आणि ड्रोनला तोल सांभाळायला लावलेल्या चिमुकल्या इलेक्ट्रॉनिक पाटीतही जाते. पाटीला वाटतं ड्रोन कलतोय. ती नसलेला तोल सावरायला लागते, मोटरा तापतात आणि एक दिवस सगळं खाली येतं. पंख्याचं जड पातं मागून पॉलिश पेपरने घासायचं. स्क्रू लांब असेल तर बदलायचा. पंखे काढून मोटर तपासायची, आणि मोटरची फिरणारी वाटीच एका अंगाने जड असेल तर दुसऱ्या अंगाला चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावायचा. कुठे लावायचा ते कसं कळणार, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी घरचा पत्ता दिला आणि बजावलं की येण्याआधी फोन करायचा, दुपारी एक ते चार करायचा नाही.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत टेबलाला पक्का केलेला छोटा शेगडा, म्हणजे लोखंडी वाइस, त्यात लेझरची पेन्सिल आवळलेली. ड्रोनच्या दांडीवर मोटरशेजारी आरशाची टिकली चिकटवायची. लेझरचा लाल किरण टिकलीवर पडून समोरच्या भिंतीवर उमटायचा. मोटर शांत असेल तर भिंतीवर ठिपका, थरथरत असेल तर ठिपक्याची रेघ. चिकटपट्टीचा तुकडा वाटीवर सरकवत सरकवत रेघ आखूड करत न्यायची. चार मिलिमीटरच्या आत आली की मोटर पास, मोटरला हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका. नाही आली तर लाल. मग रेघेची दोन टोकं पेन्सिलीने भिंतीवर टिपायची, शेजारी नाव, मोटरचा क्रमांक आणि आकडा. सहा-सात वर्षांच्या असल्या नोंदींनी ती भिंत खालपासून छातीपर्यंत भरली होती. खांबेटेकाकू म्हणायच्या की लोकांच्या घरात भिंतीवर नातवंडं रेघोट्या मारतात, आमच्याकडे आजोबा मारतात. रंग लावायचा विषय त्यांनी दर दिवाळीला काढायचा आणि काकांनी दर दिवाळीला तो न ऐकल्यासारखा करायचा, असा त्या घरचा रिवाज होता.

ड्रोन मात्र ते शेगड्यात धरत नसत. टेबलावर घोंगडीची घडी, तिच्यावर ड्रोन, आणि वर त्यांचा डावा तळहात. मी एकदा म्हटलं की तोही आवळून टाका, हात मोकळा राहील. "शेगडा खोटं बोलतो," ते म्हणाले. घट्ट आवळलं की थरथर दबून जाते, खराब मोटरही शहाणी वाटते. हातात धरलेली वस्तू जशी आहे तशी कळते. हे ते इतक्या खात्रीने म्हणाले की मी पुन्हा विचारलं नाही.

अख्खी हयात त्यांनी एका कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती, आणि निवृत्तीनंतर कारखाना फक्त बदलला होता. दूधवाल्याचा काटा, भाजीवालीचा काटा, रिक्षाचा मीटर, कोणालाही सुटका नव्हती. "आधी शून्य बघा" हे त्यांचं पालुपद. वस्तू ठेवण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघा, मग पुढचं बोला. रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला ते नुसता हूक लटकवून उभं करायचे आणि काटा स्थिर होईपर्यंत त्याला बोलू द्यायचे नाहीत. एकदा डॉक्टरांकडे वजन करायला गेले, तर यंत्र रिकामं असताना अर्धा किलो दाखवतंय हे यांनीच पकडलं. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या किलोने काय होतंय. काका म्हणाले, "मला काही होत नाही. तुम्हाला आजवर आलेल्या सगळ्यांना फोन करावा लागेल." डॉक्टर हसले. काकांनी मात्र तो डॉक्टर सोडला.

ते गंमत करत नव्हते. कारखान्यातली गोष्ट मला काकूंनी सांगितली, पोहे देता देता. काकांच्या हाताखालच्या एका मोजपट्टीत केसभर फरक आहे असं एका सकाळी लक्षात आलं. कारखान्याचा नियम असा होता की मोजायचं साधन चुकलं, तर ते शेवटचं बरोबर होतं त्या दिवसापासून मोजलेला सगळा माल संशयित. आता असे नियम सगळीकडे भिंतीवर लावलेले असतात. यांनी तो पाळला. गिऱ्हाइकाकडे पोचलेला तीन आठवड्यांचा माल परत मागवला. साहेब लालबुंद. मालात शेवटी खोट अशी काही निघालीच नाही. यांना मिळायची ती बढती दुसऱ्याला गेली. "ह्यांनी मालाबरोबर प्रमोशनपण परत पाठवलं," काकू म्हणाल्या. काका पोह्यांतला शेंगदाणा चावत होते. एवढंच म्हणाले, "खोट निघाली नाही हे मोजल्यावर कळलं ना?"

माळावर त्यांच्या शब्दाला वजन आलं ते एका घटनेनंतर. आमच्यातल्या एकाचा ड्रोन हवेत थरथरत सुटला आणि माळाच्या कडेच्या चहाच्या टपरीपासून दहा पावलांवर आदळला. कोणाला लागलं नाही, पण मालक म्हणाला, पुन्हा असं झालं तर सामान गुंडाळा. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की खांबेट्यांच्या हिरव्या ठिपक्याशिवाय कोणी उडवायचं नाही. पुढे वर्षभर कोणी हूं की चूं केलं नाही. काका हिरवा म्हणाले की हिरवा, लाल म्हणाले की मोटर काढून टाका. त्या माणसापाशी दुसरं काही नव्हतं, तेवढा शब्द होता.

मग दिवाळीनंतर लाल ठिपके वाढायला लागले.

पहिल्यांदा बोलली ती रोहिणी गावंडे. ती आयटीत, राहायला वारज्याला, मूळची वाशिमची. तिची पहिली मोटर नापास झाली तेव्हा तिने नवी आणली. ती नापास. तिसरी, अगदी कोरी, तीही नापास. तिने मला माळावर बाजूला घेतलं.

"दादा, मी लिस्ट केली," ती म्हणाली. "दिवाळीपासून लाल कोणाकोणाला मिळाला ते बघा. मी, तुम्ही, हडपसरवाले दोघं, भोसरीवाला. बापट, लेले, जोगळेकर सगळे ग्रीन. काका बायस्ड आहेत."

माझ्या डोक्यात तो जुना हं वाजला. मूळचे? अकोला. हं. मला तर वाटलं होतंच, असं मी म्हणालो, आणि खरं सांगतो, म्हणताना बरं वाटलं. पुण्यात येऊन अठरा वर्षं झाली, तरी तुमची भाषा कळते बरं का, असं कौतुक ऐकून घ्यावं लागतं. कुठेतरी पाणी मुरतंय याचा अंदाज होता, आता यादीच हातात आली. पण नुसत्या यादीवर मी कोणाचा दावा फेटाळत नाही. पुरावा लागतो.

मी एक मोटर घेतली. तिच्या बुडाला, दिसणार नाही अशा जागी, सुईने बारीक फुली ओढली. सदाशिव पेठेतले बापट शनिवारी सकाळी काकांकडे जाणार होते. त्यांना विश्वासात घेऊन ती मोटर त्यांच्या ड्रोनवर बसवली. बापट बिचारे नको नको म्हणत होते, पण तयार झाले. रेघ तीन मिलिमीटर, हिरवा ठिपका. दुपारी मी तो ठिपका नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसला, तीच मोटर माझ्या ड्रोनवर चढवली आणि संध्याकाळी फोन करून काकांकडे गेलो. दिवसभर टेबलावर वाकून दमलेले दिसले, पण नाही म्हणाले नाहीत. घोंगडी अंथरली, हात ठेवला, मोटर सुरू केली, मग लेझर लावला. चिकटपट्टी इकडे सरकव, तिकडे सरकव. रेघ सातच्या खाली येईना.

"नापास," ते म्हणाले. "ही टाका. दुसरी आणा."

मी लाल ठिपका घेऊन जिना उतरलो. पुरावा खिशात होता. तीच मोटर बापटांची असताना पास आणि इंगळ्यांची झाल्यावर नापास. विश्रांतवाडीपर्यंत मी स्कूटर चालवत होतो की काय करत होतो मला आठवत नाही. एवढा संतापलो होतो. कारण मला हा माणूस आवडायला लागला होता.

आता एक कबूल करतो. मी उलट करून बघायला हवं होतं. माझ्या नावाने सकाळी आणि बापटांच्या नावाने संध्याकाळी. धंद्यात असा अर्धवट तपास कोणी माझ्यासमोर ठेवला असता, तर मी त्याच्या अंगावर फेकला असता. पण मला जे सापडायला हवं होतं ते सापडलं होतं. मग कोण कशाला पुढे बघतो.

पुढच्या रविवारी माळावर सगळ्यांसमोर हे काढायचं आणि ठिपक्याचा अधिकार काकांकडून काढून घ्यायचा, असं रोहिणीचं आणि माझं ठरलं. पण बुधवार-गुरुवार दोन्ही रात्री मला धड झोप लागली नाही. आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यायचा शिरस्ता आहे. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघं शहर ओलांडून नारायण पेठेत गेलो. पोचेपर्यंत साडेसात झाले होते.

काकांनी दार उघडलं. रोहिणीला बघून म्हणाले की चौथी आणलीत वाटतं. मी बसलो नाही. मोटर टेबलावर ठेवली, फुली दाखवली, आणि सकाळचं-संध्याकाळचं सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा. तुमच्याकडे हिरवा ठिपका पेठेतल्यांना मिळतो, आम्ही बाहेरचे, आम्ही लाल, असं तोंडावर म्हणालो. आतून काकू येऊन दारात उभ्या राहिल्या.

काका रागावले नाहीत. निदान तसं दिसलं नाही. भिंतीपाशी जाऊन त्यांनी बापटांची तीनची नोंद बघितली, माझी सातची बघितली, मग मोटरची फुली भिंगातून बघितली. परत येऊन म्हणाले, "मोटर एक आणि आकडे दोन. म्हणजे एक खोटा आहे. लावा ती. डोळ्यांदेखत मोजू."

त्यांनी घोंगडी सारखी केली. ड्रोन ठेवला. त्यावर डावा तळहात दाबला. उजवा हात मोटर सुरू करायच्या बटणाकडे जात होता, आणि तेव्हा मला खुमखुमी आली. खरोखर खुमखुमीच, दुसरं काही नाही. या माणसाचीच काठी याच्या पाठीत घालावी म्हणून मी म्हणालो, "काका, आधी शून्य बघा."

ते थबकले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"लेझर आधी लावत नाही मी," ते म्हणाले. "सेल उतरतात."

हे खरं होतं. मी शेकडो वेळा बघितलं होतं. मोटर आधी, लेझर नंतर, आणि आकडा घेतला की लेझर लगेच बंद. बटणाएवढे सेल वाचवायचे म्हणून. जगातल्या प्रत्येक काट्याचं शून्य तपासणाऱ्या या माणसाने स्वतःच्या घरच्या काट्याचं शून्य तपासायचं सोडलं होतं, आणि आम्हाला कोणाला ते खटकलं नव्हतं.

"आज लावा," मी म्हणालो.

त्यांनी मोटर बंद ठेवली आणि लेझरचं बटण दाबलं. भिंतीवर ठिपका यायला हवा होता. रेघ आली. लहानशी, लाल, अस्वस्थ रेघ, बापटांच्या आणि माझ्या नोंदीच्या मधोमध. खोलीत मोटरचा आवाज नव्हता. पंखा बंद होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की यात काहीतरी हातचलाखी आहे. इतका मी नालायक.

रोहिणी काकांच्या हाताकडे बघत होती. मग मीही बघितलं.

काकांनी तळहात उचलला. भिंतीवर रेघेचा ठिपका झाला. खिळ्यासारखा स्थिर. त्यांनी हात पुन्हा ठेवला. रेघ. उचलला. ठिपका. असं त्यांनी तीनदा केलं, सावकाश, दुसऱ्याच कोणाची तरी तपासणी करत असल्यासारखं. तिसऱ्यांदा हात ठेवून त्यांनी तो मनगटावर उजव्या हाताने घट्ट दाबला. रेघ आखूड झाली. गेली नाही.

काकू दारातूनच म्हणाल्या की सकाळी नसतं तसं, संध्याकाळी होतं, दमले की. चहाची कपबशी वाजते म्हणून त्या महिनाभर यांना स्टीलच्या पेल्यात चहा देत होत्या. काही बोलल्या नव्हत्या. नव्या डॉक्टरांनी हात पुढे करा म्हटलं तर हे म्हणाले होते की मी खोकला दाखवायला आलोय.

सकाळी नसतं, संध्याकाळी होतं. हे वाक्य माझ्या डोक्यात उतरायला थोडा वेळ लागला. बापट, लेले, जोगळेकर चालत दहा मिनिटांवर राहतात. ते सकाळी चहा घेऊन येतात. आम्ही विश्रांतवाडीचे, वारज्याचे, भोसरीचे, आम्ही कामावरून सुटून गर्दीतून संध्याकाळी पोचतो. रोहिणीची यादी बरोबर होती. तिच्यात आम्ही लिहिलेलं कारण तेवढं चुकलं होतं. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

काकांनी स्टीलची पट्टी काढली, भिंतीपाशी गेले. हात बाजूला गेल्यावर तिथे रेघ नव्हती. त्यांनी मला सांगितलं नाही, रोहिणीला सांगितलं, "जरा माझा हात धरून तिथे ड्रोनवर ठेवता? मोजायचंय." मग पुन्हा टेबलाशी बसले. तिने त्यांचा हात ड्रोनवर ठेवून सोडला, आणि टोकं टिपायला मी भिंतीपाशी गेलो. चार मिलिमीटर. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि माझ्या सातच्या नोंदीखाली स्वतः लिहिलं: खांबेटे, मोटर बंद, ४. पुढे लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

"नवा लेझर आणला तेव्हा शून्य बघितलं होतं. दिवाळीच्या आधी," ते म्हणाले. "त्यानंतरचं सगळं संशयित."

मी म्हणालो की काका, हिरवे तरी सोडा. तुमच्या हाताने रेघ वाढली असेल, कमी तर झाली नसेल. जे पास ते पासच आहेत.

"नियम मला सोयीने वापरता येत नाही, इंगळे."

रविवारी ते वेळेआधी माळावर आले. रोहिणी आणि मी काही बोलणार याची कुणकुण सगळ्यांना लागली होती, बापट तर माझ्या नजरेला नजर देत नव्हते. काका मधोमध उभे राहिले. हात खिशात नव्हते, मुद्दाम समोर ठेवलेले. दिवाळीपासून तपासलेल्या सगळ्या मोटरा, लाल आणि हिरव्या, परत आणायच्या, तोवर कोणी उडवायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. कुरकुर झाली. लेल्यांनी विचारलं, आमच्यात काय खोट निघाली?

"मोटरांत नाही. तपासणाऱ्यातच कंप होता," ते म्हणाले, आणि डावा हात उचलून सगळ्यांना दाखवला. सकाळ होती. हात जवळजवळ स्थिर होता. त्यामुळे काही जणांना ते खरंच वाटेना. काकांना आपलाच दोष पटवून द्यायला जास्त वेळ लागला.

मग रोहिणीसमोर जाऊन त्यांनी विचारलं की तीन मोटरा ठेवल्यात की टाकल्यात. ती म्हणाली, एक टाकली. "ती चांगली असणार," ते म्हणाले. "माफ करा." रोहिणी तिथेच रडली. मी बाभळीकडे बघत राहिलो.

जाताना त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं आता ऐकवतील, आणि ऐकवायलाच हवं होतं. म्हणाले, "तुमचा संशय रास्त होता, इंगळे. आरोप चुकला." मग विचारलं, "अकोल्याला माझी धाकटी बहीण दिली होती. लवकर गेली. मी कधी सांगितलं का तुम्हाला?" मी नाही म्हणालो. त्या हंचा निकाल मला असा तीन वर्षांनी लागला.

त्यानंतर मोटरा आम्ही आळीपाळीने तपासायला लागलो, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्यासमोर. ते खुर्चीत बसायचे, हात मांडीखाली. पण ड्रोनवर तळहात ठेवणाऱ्या प्रत्येकाला आधी मोटर बंद ठेवून, लेझर लावून, ठिपका दाखवावा लागे. सेल उतरले तर उतरू देत. माझ्या हाताखाली ठिपका जरा जरी हलला तरी चहा किती झाले, भांडण कोणाशी झालं, अशी उलटतपासणी. संशय त्यांनी सोडला नाही. त्याची सुरुवात तेवढी बदलली.

दीड वर्षाने ते दोघं नाशिकला मुलीकडे राहायला निघाले. घर भाड्याने द्यायचं ठरलं, आणि काकूंचा रंग अखेर आला. काकांचा फोन आला की रंगारी दहाला येणार आहे, आपण साडेनऊला या. मी गेलो. सामान बांधलेलं होतं, टेबल, खुर्ची, शेगड्यातला लेझर आणि एक ड्रोन तेवढे राहिले होते. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, खुर्चीमागे, मी कधी न बघितलेल्या नोंदी होत्या. खांबेटे, मोटर बंद. पहिली पाच. मग सात. मग अकरा. दर महिन्याला एक, सगळ्या त्यांच्याच अक्षरात, आणि अक्षर खाली खाली जात बिघडत गेलेलं. शेवटच्या दोन तर मला वाचता येईनात.

"या महिन्याची राहिलीय," ते म्हणाले. "मला आता पेन्सिल धरवत नाही. आपण लिहा."

त्यांनी हात ड्रोनवर ठेवला. सकाळ होती, तरी रेघ लांब होती. मी पट्टी लावली. रंगारी दारात डबे घेऊन उभा होता, अर्ध्या तासात सगळं पांढरं होणार होतं, कोणी वाचणार नव्हतं. मी आकडा लिहिला आणि बाजूला झालो.

"किती?" त्यांनी खुर्चीतून विचारलं.

"एकोणीस."

ते भिंतीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं, रद्दीवाल्याकडे बघायचे तसं.

"मला इथून बावीस दिसतंय, इंगळे."

मी खोडरबर मागून घेतलं. एकोणीस खोडलं, त्यावरची भुकटी फुंकली आणि बावीस लिहिलं. त्यांनी मान हलवली. मग रंगाऱ्याला म्हणाले, "हं. लावा आता."